धूर कुणाचा, झटका कुणाला?



छातीत कळ आली की आपल्या घरांत आधी तूप-तेलाची आणि तंबाखूची चौकशी होते. ती व्हायलाच हवी. पण बाग-कुक्षीपासून धार-देवासपर्यंत ज्या हवेत आपण श्वास घेतो, तिची चौकशी कोण करतो? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खराब हवा हा नुसता खोकल्या-दम्याचा विषय नाही, तो हृदयाचा विषय आहे.

अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतात. असा संपर्क काही तासांचा असला तरी झटक्याचे निमित्त ठरू शकतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच सांगितले आहे.

या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाची, २००९ पासून, ४०. म्हणजे आठपट! 'हवा मर्यादेत आहे' म्हणणाऱ्या साहेबांना विचारा, कुणाच्या मर्यादेत?

केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात, मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत देवासचे नाव आले. तो काही सत्कार नव्हे. भोपाळचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. योग्यच केले. पण कारखान्यांची धुराडी, ट्रकांचा धूर, गहू निघाल्यावर पेटणारी नरवाई आणि घरातली चूल, या रोजच्या विषासाठी कोण उतरणार? बागच्या छपाईचे कौतुक जगभर होते. कापड उकळणाऱ्या लाकडाच्या भट्टीपाशी उभ्या कारागिराची छाती कोण तपासतो?

आमच्या मागण्या साध्या आहेत. बागची हवा मोजा आणि आकडे पंचायतीच्या फलकावर लावा. नरवाई जाळण्यावर बंदी आहेच; पण शेतकऱ्याला परवडेल अशा भाड्याने यंत्रही द्या. भट्ट्यांना धूर वर नेणारी धुराडी बसवा आणि कारागिरांचा रक्तदाब नियमित तपासा.

आपली घराणी पवारांच्या काळापासून या मातीत रुजली आहेत. येथील हवेवर आपलाही हक्क आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला दारातच या मागण्या ऐकवा. उत्तर नसेल तर चहा जरूर पाजा, मत मात्र देऊ नका.