रोवणी थांबेल, मेंदूज्वर थांबत नाही



पावसाळ्यात मेंदूज्वराचे नाव निघाले की ‘लेकराला सुई दिली, आता भय नाही’ असे पुष्कळजण म्हणतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे.

६, १० व १४ आठवड्यांना मिळणारी पेंटाव्हॅलंट लस आणि ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिन्यांना मिळणारी न्यूमोकोकल लस मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या दोन मोठ्या जंतूंना अडवतात. सरकारी केंद्रात त्या मोफत आहेत; एकही डोस चुकवू नये. परंतु १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडलेल्या विषाणूवर अजून लस नाही. २०२४ च्या पावसाळ्यात त्याने गुजरातेत अनेक बालके नेली. तो वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलीत वाढते. म्हणून भेगा लिंपाव्या, शेणाचा ढीग घरापासून दूर न्यावा, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवावे.

एकाएकी तीव्र ताप आणि त्यासोबत ओकाऱ्या, झटके, ताठ मान, गुंगी किंवा तान्ह्याची फुगलेली टाळू दिसताच त्याच घटकेला दवाखाना गाठावा. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये. झाडफुकीत रात्र दवडू नये. चांदीपुरा २४ ते ४८ तासांत जीव घेऊ शकतो. प्रार्थना अवश्य करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर. रोवणी दोन दिवस मागे पडली तरी बांधी वाट पाहील. आजारी लेकराजवळ तेवढा वेळ नसतो.