शून्य गुणांची पाटी

दिवाळी सरली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि पहांटे पंचगंगेवर धुकें उतरूं लागलें कीं, आमच्या कोल्हापुरांत एक निराळेंच पर्व सुरू होतें. कोणत्या संघानें कोणता खेळाडू घेतला, कोण कोणास सोडून गेला, यंदां परदेशी खेळाडू कोणाकडे, या वार्ता गंगावेशीच्या दूधकट्ट्यापासून महाद्वारापर्यंत फिरूं लागतात. फुटबॉलचा नवा हंगाम जवळ आला, हें ओळखण्यास येथें वर्तमानपत्र उघडावें लागत नाहीं.

फुटबॉल हा बंगालचा किंवा गोमंतकाचा खेळ, अशी पुष्कळ वाचकांची समजूत असेल. परंतु कोल्हापुरांत तो तालमींच्या अंगणांत वाढला. राजर्षि शाहू महाराजांनीं कुस्तीला जो उदार आश्रय दिला, त्यानें पेठापेठांतल्या तालमींना बळ आलें; आणि पुढें त्याच तालमींच्या नांवांनीं फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हीं नांवें ऐकून परगांवच्या पाहुण्यास कुस्त्यांचा फड आठवतो. पण त्यांचा जयघोष चालतो तो छत्रपति शाहू स्टेडियमवर. विश्वचषकाच्या दिवसांत तर ब्राझील आणि अर्जेंटिना या जणूं आमच्याच दोन पेठा होतात. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत झाली, तेव्हां आपल्या देशाच्या संघांत अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा होता.

संस्कृत शिकविणारा मास्तर तालमीच्या पोरांत जाऊन बसतो, हें आमच्या घरांत प्रथम कोणासच रुचलें नव्हतें. "रघुवंश शिकवून यायचं आणि मग हा आरडाओरडा ऐकायला जायचं!" असें आमच्या मातोश्री म्हणत. परंतु लागलेलें वेड सुटलें नाहीं. निवृत्तीनंतर तर तें वाढलेंच.

हंगामाच्या आरंभीं मला सर्वांत अधिक आवडते ती गुणांची कोरी पाटी. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, हरल्यास कांहीं नाहीं, असा हिशेब पुढें महिनोन्‌महिने चालावयाचा असतो. पण पहिल्या शिटीपूर्वीं गतवर्षींचा विजेता आणि तळाचा संघ दोघेही शून्यावर उभे असतात. जून महिन्यांत नव्या वर्गांत पाऊल टाकतांना मला असेंच वाटत असे. वह्या कोऱ्या, मुलें तेल लावून बसलेलीं, आणि यांतील कोण पुढें चमकेल, कोण मागें पडेल, याचा कोणासही थांग नाहीं. शिवाय हंगाम सुरू होणें ही गृहीत धरण्याजोगी गोष्टही नव्हे. २०२५ सालीं इंडियन सुपर लीग ही देशांतील मोठी स्पर्धा चालविण्याचा करार संपत आला, नवा होईना, आणि नेहमींच्या वेळीं तिचा हंगाम सुरूच झाला नाहीं. ज्या गांवांत वेळेवर शिटी वाजते, त्यानें आपलें भाग्यच समजावें.

असो. आज सांगावयाचें आहे तें निराळेंच आहे, आणि तें सांगतांना लेखणी अडखळते.

गेल्या हंगामांतील गोष्ट. आमच्या पेठेच्या संघाचा सामना बरोबरींत होता आणि शेवटचीं तीन-चार मिनिटें उरलीं होतीं. आमच्या खेळाडूनें चेंडू जाळ्यांत मारला. पायऱ्यांवरचे आम्ही सारे उठून नाचूं लागलों. इतक्यांत रेषेवरच्या पंचानें निशाण वर केलें, आणि मुख्य पंचानें शिटी वाजवून तो गोल रद्द ठरविला. ऑफसाइड! हा मुख्य पंच माझा विद्यार्थी. नववींत तो संस्कृतांत नापास झाला होता, आणि त्याला नापास करणारा मीच. माझ्या शेजारीं दहा वर्षांचा नातू बसला होता. पण त्या क्षणीं मला ना नातू दिसला, ना माझे पांढरे केंस आठवले. मी उभा राहून सर्व शक्तीनें ओरडलों, "अरे, नववीत नापास झालास तो झालास, इथंही नापासच!"

लोक हंसले. मग मागच्या पायऱ्यांवरून कोणीतरी "नापास! नापास!" असा ताल धरला, आणि पाहतां पाहतां शेंकडों कंठांतून तो निघूं लागला. त्यांत एक बारीक आवाज अगदीं माझ्या कानाशीं होता. तो माझ्या नातवाचा. नंतर पाण्याची एक बाटली भिरभिरत मैदानांत जाऊन पंचाच्या पायाशीं पडली. ती मीं फेंकली नव्हती. पण तिला वाट कोणीं दाखविली, हें मला पुरतें ठाऊक आहे. पंचानें एकदां आमच्या बाजूस पाहिलें, बाटली उचलून रेषेबाहेर ठेवली आणि खेळ पुढें सुरू केला.

'प्रेक्षक' म्हणजे निरखून पाहणारा. 'मध्यस्थ' म्हणजे मध्यें उभा असलेला, आणि म्हणूनच कोणत्याही बाजूचा नसलेला. तीस वर्षें मीं हे शब्द फळ्यावर फोडून दाखविले. त्या दिवशीं मध्यस्थ आपल्या जागीं उभा होता. जागा सोडली ती प्रेक्षकानें. शिक्षकाच्या हातीं मुलाचें अपयश ठेवीसारखें असतें. तें मीं चारचौघांत धोंड्यासारखें भिरकावलें.

पावसाळ्यांत सामने बंद असतात. त्या दिवसांत या खेळाचा जुना इतिहास वाचीत असतां १९६२ या एकाच वर्षांत मला दोन मास्तर भेटले. पहिले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर, पुढें भारतीय संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालीं आपण १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथे आलों. १९६२ सालीं ते संघ घेऊन जाकार्त्यास गेले, तेव्हां कर्करोगानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. राजकीय वादामुळें तेथील लोक आपल्यावर चिडलेले. अंतिम सामन्यांत भरलेलें स्टेडियम आपल्या खेळाडूंची हुर्यो करीत होतें. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग एरव्हीं बचावाचा खेळाडू, तो आघाडीस खेळला. त्यानें एक आणि पी. के. बॅनर्जी यांनीं एक गोल केला, आणि दक्षिण कोरियास २-१ असें हरवून आपण सुवर्णपदक आणिलें. पुढल्याच वर्षीं जून महिन्यांत रहीमसाहेब निवर्तले.

दुसरे मास्तर इंग्लंडचे केन ॲस्टन. त्याच वर्षीं विश्वचषकांत चिली आणि इटली यांच्यामधील अत्यंत दांडगाईच्या सामन्यांत ते पंच होते. खेळाडूंना आवरण्यासाठीं पोलिसांस मैदानांत यावें लागलें. पुढें रस्त्यावरील पिवळे-तांबडे दिवे पाहून त्यांस पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि १९७० च्या विश्वचषकापासून ती अमलांत आली. एक शब्दही न उच्चारतां, कोणाचा पाणउतारा न करतां समज द्यावयाची, हा खरा मास्तरी शोध!

जाकार्त्याच्या त्या समुदायाची मला चीड आली. पण लगेच मनांत आलें कीं, तो निदान परका होता. मी तर आपल्याच गांवांत, आपल्याच मुलावर ओरडलों होतों. आणि मला दाखविण्यास कोणाजवळ पिवळें कार्डही नव्हतें.

हें सारें मी मनांतल्या मनांत घोळवीत राहिलों असतों. परंतु परवां नातवानें विचारलें, "आजोबा, यंदा पहिल्या सामन्याला जायचं ना? तो नापास पंच असेल का?" त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसरे दिवशीं नातवास घेऊन मी शिवाजी उद्यमनगरांत गेलों. तेथें एका कारखान्यांत तो लेथवर काम करतो.

मला पाहतांच यंत्र थांबवून, हात पुसून तो बाहेर आला आणि वाकून नमस्कार करूं लागला. मीं त्यास थांबविलें, आणि नातवाच्या देखत त्याची क्षमा मागितली. क्षणभर तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, नववीत तुम्ही मला नापास केलंत ते बरोबरच होतं. मी अभ्यासच केला नव्हता. पण सर, तो गोल ऑफसाइडच होता."

मग त्यानें बांकावर चार नट मांडले. एक गोलरक्षक, एक बचावाचा खेळाडू, एक आमचा पुढचा गडी, आणि एक त्याला चेंडू देणारा. "चेंडू मिळाला तेव्हा गडी कुठं होता, ते लोक बघतात. आम्हाला बघायचं असतं, चेंडू मारला तेव्हा तो कुठं होता. त्या क्षणाला गोलरक्षक धरून समोरचे दोन गडी तरी त्याच्या पुढं किंवा बरोबरीला पाहिजेत. तुमचा गडी तेव्हाच एक पाऊल पुढं होता, सर." नातवानें नट किंचित् मागें सरकविला. "इथं असता तर चाललं असतं?" "चाललं असतं," पंच म्हणाला. माझ्याआधीं त्यालाच तें समजलें होतें.

निघतांना मीं विचारलें, "त्या बाटलीनं लागलं नाही ना रे?"

"बाटलीचं काही नाही, सर. त्या दिवशी आई आली होती सामना बघायला."

यावर मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं.

येत्या आठवड्यांत पहिला सामना आहे. आम्ही दोघे जाणार आहों, आणि आपल्या पेठेसाठीं घसा बसेपर्यंत ओरडणारही आहों. तें सुटणें शक्य नाहीं. बसण्याची जागा मात्र यंदां बदलणार आहों. निशाणवाला पंच ज्या बाजूनें धांवतो, त्या बाजूच्या पायऱ्यांवरून रेषा अधिक नीट दिसते, असें त्यानेंच सांगितलें. पण तत्पूर्वीं एका घरीं जावयाचें आहे. संघांचे गुण हंगामाच्या आरंभीं आपोआप पुसले जातात. माझे तसे पुसले जाणार नाहींत. त्या माउलीची भेट घेतल्यावांचून माझी पाटी कोरी झाली, असें मी म्हणणार नाहीं.