पट्टी, पुडी आणि पावसाळा

पनवेलात भजनाला आठची वेळ दिली असेल तर पहिला अभंग उभा राहायला साडेआठ होतात. मधला अर्धा तास वाद्यांचा. "हे रीड पालिताण्याचे का?" "पुडी नवी चढवलीस वाटतं, शाई कुणी भरली?" दुकान बंद करून, हार्बरची लोकल पकडून आलेली माणसं यात अशी रंगतात की शेवटी बुवांनाच टाळ वाजवून बैठक सुरू करावी लागते. ही मंडळी बोलतात जास्त आणि वाजवतात कमी, असं घरीदारी म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही.

एक तर इथली हवा. खाडीकाठची ओल जूनपासून चामड्यात शिरते. गट्टे ठोकून चढवलेला तबला तासाभरात पुन्हा उतरतो. पेटीच्या पट्ट्या फुगून शेजारणीला घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. पखवाजाचं तर विचारूच नका. डाव्या पुडीला लावायच्या कणकेत पाणी किती घालायचं, थर केवढा द्यायचा, हे हवेप्रमाणे रोज बदलतं. थर जाड झाला की बोल बसतो, पातळ राहिला की घुमारा येत नाही. भजन संपलं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा नवी. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, आणि तो सांगतो तेव्हा दोघांच्या मध्ये पखवाज असावा लागतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आपण कसं वाजवलं हे हौशी माणूस चारचौघांत बोलत नाही. ज्येष्ठांसमोर तर नाहीच. पण "बुवा, तुमच्या पेटीतला मधला गंधार उतरलाय" असं विशीतला पोरगा साठीच्या बुवांना बेलाशक सांगतो आणि बुवा ऐकून घेतात. मग पेटी उघडली जाते. पितळी पत्ती टोकाकडे हलकेच घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासायचं, वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. गंधार कुठे असायला हवा हे तो पोरगा तिथे कानाने शिकतो.

असा हट्ट कुठवर नेतो ते ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी दाखवलं. पेटीच्या ठरीव स्वरांत श्रुती सापडत नाहीत, या जुन्या आक्षेपावरून 1940 साली रेडिओने तिला बाहेर ठेवलं आणि ती बंदी 1971 साली सैल झाली. पेशाने डॉक्टर असलेल्या ओकांनी 22 श्रुतींची पेटीच घडवली. सा आणि प अचल, उरलेल्या 10 स्वरांच्या प्रत्येकी 2 श्रुती.

नुसत्या किमतीच्या गप्पा मलाही कंटाळवाण्या वाटतात. कुणाची स्केल चेंजर केवढ्याला पडली, हे ऐकून कुणाचा कान तयार होत नाही. बाकीचं बोलणं मात्र वाढायला हवं. पनवेलच्या भजनी मंडळांनी पाऊस सरल्यावर एक संध्याकाळ गाण्याशिवाय ठेवावी. पेट्या उघडाव्यात, भात्याची गळती तपासावी, तबल्याची वादी ओढावी, आणि शिकणाऱ्या पोरापोरींना पहिल्या रांगेत बसवून हातोडी त्यांच्या हाती द्यावी.