बिऱ्हाडातले बिऱ्हाड

भाड्याच्या घरात काय काय करू नये, याची यादी आमच्या अकरा महिन्यांच्या करारात स्वच्छ टंकलिखित आहे. कुत्रा पाळू नये, मांजर पाळू नये, भिंतीला खिळा मारू नये, गच्चीवर पापड वाळत घालताना मालकाला विचारावे. माशांचा मात्र त्यात कोठेही उल्लेख नव्हता. कायद्याच्या भाषेत जिला पळवाट म्हणतात ती मला सापडली. आणि पुढे पाण्याला त्याची वाट सापडली. या दोन वाटांची ही हकिगत आहे.

आधी गावाचा खुलासा करतो. मी राहतो ते खंडाळा लोणावळ्याशेजारचे नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, शिरवळ मागे टाकलेत आणि खंबाटकीचा घाट अजून चढायचा आहे, अशा वेळी जे गाव लागते ते आमचे. जुनी माणसे त्याला पारगाव-खंडाळा म्हणतात. येथे धबधबा नाही, धुके नाही. पावसाचे ढग घाटापलीकडे वाईकडेच पुष्कळसे रिकामे होऊन येतात. नळाचे पाणी ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते आणि येणाऱ्यापेक्षा जाणारी वेळ अधिक काटेकोरपणे पाळते. अशा गावात छप्पन्न लिटर पाणी काचेच्या पेटीत कोंडून ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांच्या मते शुद्ध श्रीमंती होती.

पण त्याला कारण होते. संस्थेने माझी बदली सांगलीहून इकडे केली, तेव्हा आमच्या चौथीतल्या कन्येच्या सगळ्या मैत्रिणी कृष्णाकाठीच राहिल्या. महिनाभर ती शाळेतून येई आणि खिडकीत बसे. शेवटी एकदा म्हणाली, "बाबा, इथं नदी नाही, तर निदान मासे तरी आणा." मुलीने चंद्र मागितला असता तर मी उपदेश केला असता. तिने मासे मागितले, म्हणून पैसे काढले.

आमच्या हिचा मात्र विरोध होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी चढले होते. माझी वीस वर्षांची टिपणे आणि पुस्तकांची दोन कपाटे त्यात गेली. येथे घर शोधताना "काहीही चालेल, पण दुसरा मजला हवा," हा एकच हट्ट तिने धरला होता. "एवढं पाण्यापासून पळून आलो, आणि आता तुम्ही पाणी घरात आणून ठेवणार?" तिच्या या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाने जे उत्तर द्यावे तेच मी दिले; म्हणजे संस्कृतातला दाखला दिला. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक लहान मासा येतो. मनू त्याला घागरीत ठेवतो, घागर पुरेना तेव्हा खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात सोडतो. आपल्या वाङ्मयातला हा पहिला हौशी मत्स्यपालक. हिने शांतपणे विचारले, "आणि त्या गोष्टीच्या शेवटी काय होतं?" शेवटी प्रलय होतो, हे मला कबूल करावे लागले.

तरीही टाकी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदाराने सोनेरी मासे पुढे केले. पण ते मूळचे चीनमधल्या तळ्यांतले, अंगाने वाढणारे आणि पाणी फार घाण करणारे. छोट्या टाकीत त्यांचे हाल होतात, असे वाचले होते, म्हणून आम्ही गप्पी घेतले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडचे आरोग्य खाते डबक्यांत सोडते तेच हे मासे. नावाचा गप्पांशी काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट गपी नावाच्या गृहस्थांवरून ते पडले. व्युत्पत्तीचा हा तास घरात कोणीही पूर्ण ऐकला नाही.

काळजी मी माझ्या परीने घेतली. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो; तेव्हा पाणी, काच, वाळू आणि दगड मिळून पाऊणशे किलोंचा पाहुणा घरात येणार, हे ओळखून खोलीच्या मध्यभागाऐवजी तुळई जाते त्या भिंतीलगत मजबूत लोखंडी घोडा ठेवला. काचेखाली थर्मोकोलचा तक्ता घातला, कारण खालचा पृष्ठभाग तांदळाच्या दाण्याएवढाही उंचसखल असला तर सगळा ताण एका कोपऱ्यावर येतो आणि काच तडकते. टाकी आधी मोरीत एक दिवस एक रात्र भरून ठेवून सांधे तपासले. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले. मासे सोडायची घाई केली नाही. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाळूत वसायला काही आठवडे लागतात. एवढे सगळे पुस्तकी ज्ञान पदरी होते. परीक्षा मात्र पुस्तकाबाहेरच्या प्रश्नावर झाली.

पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप असतो. त्याची घरघर हिला झोपू देईना, म्हणून मी तो टाकीखाली, फरशीवर, फडक्यात गुंडाळून ठेवला. येथेच चूक झाली. पावसाळ्यातल्या एका रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. पंप थांबला. हवेची नळी पाण्यात, पंप पाण्याच्या पातळीच्या खाली. रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढताना जे होते तेच झाले. एकदा नळीत शिरलेले पाणी काठ ओलांडून खाली उतरू लागले आणि रात्रभर उतरत राहिले. फडक्याने ते गुपचूप टिपले आणि फरशीच्या सांध्यांच्या स्वाधीन केले.

पहाटे दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावर राहणारे आमचे घरमालक अण्णा कंदील घेऊन उभे होते.

"सर, वर धरण फुटलंय का?"

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नीरा उजव्या कालव्यावर हयात गेली. त्यांनी सर्वांत आधी त्यांच्या घरचा आणि आमच्या घरचा विजेचा मुख्य खटका बंद केला, कारण त्यांच्याकडे पाणी पंख्याच्या हुकातून ठिबकत होते, आणि वीज परत आली असती तर आमचा भिजलेला पंपही जिवावर बेतला असता. हे मला सुचले नव्हते. मग त्यांनी टाकीवरची पाण्याची जुनी रेघ पाहिली, बोटे लावली आणि म्हणाले, "चार बोटं गेलं. म्हणजे बारा-तेरा लिटर. माझ्या पातेल्यात पावणेतीन जमा झालंय. बाकीचं तुमच्या फडक्यात आणि माझ्या स्लॅबात."

मी खाली गेलो आणि पातेल्याशेजारी जे पाहिले त्याने माझे पाय गळाले. खाटेजवळच्या फळीवर त्यांच्या रोजनिशा होत्या. नोकरीला लागल्यापासून रोजचा पाऊस, कालव्याची पातळी, कोणत्या चारीला किती पाणी सोडले, हे त्यांनी रोज लिहून ठेवले होते. निवृत्तीनंतरही पावसाची नोंद चालूच होती. त्यातल्या तीन वह्या भिजल्या होत्या. ज्याने आपली टिपणे महापुरात गमावली, त्यानेच दुसऱ्याच्या वह्यांवर पाणी सोडले होते. मी क्षमा मागायला तोंड उघडले, पण शब्द फुटेना. वर्गात मात्र मला शब्दांची कधी वाण पडत नाही.

हात चालले ते आमच्या हिचे. सांगलीत चिखलातून पुस्तके काढताना ती जे शिकली होती ते येथे कामी आले. ओली पाने ओढून वेगळी करायची नाहीत, उन्हात टाकायची नाहीत. वही उभी करून दर काही पानांआड टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि वारा लागू द्यायचा. तीन दिवस आमची कन्या शाळेतून आली की खिडकीत न बसता खाली जाऊन टिपकागद बदलीत होती. बॉलपेनने लिहिलेले सगळे वाचले. फाउंटन पेनची दोन-तीन वर्षे मात्र निळी होऊन गेली.

चौथ्या दिवशी ती अण्णांना म्हणाली, "आजोबा, आम्ही मासे देऊन टाकतो." अण्णा काही वेळ बोलले नाहीत. काकू गेल्यापासून ते तसे कमीच बोलत. मग म्हणाले, "गळती होते म्हणून कोणी कालवा बुजवत नाही, बाळ. पाणी फुटायचंच. ते फुटल्यावर कुठं जाणार, ते आधी ठरवायचं."

त्यांनी ठरवले. पंप टाकीच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात गेला. नळीत पाणी उलटे येऊ न देणारी इवलीशी झडप बसली. दुकानात ती किरकोळ पैशांत मिळते. विजेच्या वायरी बटणाकडे सरळ न नेता आधी खाली झोका देऊन मग वर नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो, बटणात शिरत नाही. टाकीखाली काठ उचललेले पत्र्याचे ताट आले, आणि ताटाच्या कोपऱ्यातून एक नळी थेट मोरीत गेली. "हा सांडवा," अण्णा अभिमानाने म्हणाले. दर रविवारी टाकीतले पाव पाणी नळीने काढून बदलायचे. मात्र नळीचे दुसरे टोक बादलीत आहे ना, हे पाहण्यासाठी एक माणूस तेथून हलणार नाही, असा हुकूम निघाला. ते काढलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला जाते. दोन्ही इतके माजले आहेत की शेजारी आता श्रीमंतीबद्दल बोलत नाहीत, पाला मागतात.

दिवाळीपूर्वी अण्णांच्या छताला मी रंग लावून दिला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी अनामत रकमेतून वळते करा म्हणालो, तर म्हणाले, "अनामत घर सोडताना लागते." आता संध्याकाळी ते वर येतात, टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि आमची कन्या शेजारी बसून त्यांच्या वहीत पाण्याची पातळी लिहिते. पाऊस एका रकान्यात, मासे दुसऱ्यात.

गेल्या आठवड्यात कराराचे नूतनीकरण झाले. मी चष्मा लावून सगळी कलमे वाचली. कुत्रा, मांजर, खिळा, पापड, सगळे जागच्या जागी होते. शेवटी अण्णांच्या हस्ताक्षरात एक नवे कलम होते : 'भाडेकरूने हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा.'

मी मुकाट्याने सही केली.