घबराहट, दारू आणि खिशातला फोन

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदी हवी की नको यावर आपण भरपूर भांडलो. ज्याला सवय लागली आहे त्याने सुटायचं कसं, यावर फारच कमी बोललो. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च'चं मुक्तिपथ हे काम करतं, ते सोडलं तर.

आपल्या मोहल्ल्यांत हा प्रश्न नसतोच. दारू हराम, म्हणून मुसलमान पीत नाही, इतका सरळ हिशेब! पिणारे आपल्यातही आहेत, फक्त लपून पितात. असा माणूस गावच्या व्यसनमुक्ती शिबिरात नाव नोंदवायला जाणार नाही. शेजारी काय म्हणतील, मुलीचं स्थळ मोडेल, ही भीती आधी.

रमजानमध्ये हे उघडं पडतं. रोज भरपूर पिणारा पहिल्या रोजाला एकदम थांबतो. त्याचे हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, जीव घाबरतो. घरचे म्हणतात, नजर लागली किंवा असर झाला. पाणी दम करून आणतात. दुआ जरूर करावी. पण अचानक दारू तुटल्यावर काहींना झटके येतात, भ्रम होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. कुरआननेही दारूची मनाई एका दमात केली नाही. आधी नफा-नुकसान सांगितलं, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटलं, शेवटी पूर्ण बंदी आली. हे आपल्या खतीबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, मग पिणाऱ्यालाच तेवढी सवड का नाही?

गोव्यात 'संगाथ' संस्थेने स्थानिक सामान्य माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं. ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. फार तर चार बैठका, आणि तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पिण्याबाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. डॉक्टर नव्हे, शिकवलेला माणूस पुरतो. मग तो फोनवर का नको? केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या नंबरावर ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

मात्र नुसतं भाषांतर नको. 'आठवड्यात किती ड्रिंक घेता?' याला आपल्याकडे उत्तर नाही; पव्वा किती, मोहाची किती, असं विचारा. 'एंग्झायटी' कोणी म्हणत नाही, 'छातीत धडधड होते, घबराहट होते' म्हणतात. वाचता न येणाऱ्यासाठी आवाज हवा, माडिया-गोंडीतही. छत्तीसगडच्या 'सीजीनेट स्वर'ने २०१० पासून साध्या फोनवर गोंडी ऐकवून दाखवली आहे.

शाबानच्या शेवटच्या जुम्याला मशिदीत १४४१६ हा नंबर सांगावा, एवढं जमातीकडे माझं मागणं आहे. आणि सेवा चालवणाऱ्यांकडे एक: न विचारता उलट फोन करू नका. पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो, आणि मदत मागणारी त्याची बायको असते.