उशाशी टॉर्च, उशाशी चप्पल

आईला जपानला न्यायचं ठरलं तेव्हा मी तिच्याशी चक्क खोटं बोलले. ‘तिथं भूकंप होतात ना गं?’ तिने विचारलं. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता सांगून टाकलं, ‘आपण जातोय तिथे नाही होत.’

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर मंडळी, माझी आई लातूरची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गावोगावचे लोक गणपती विसर्जन करून गाढ झोपले होते. माझी मावशी सास्तूरला दिली होती. दगडमातीचं घर, अडीच हात रुंद भिंती. पुढचं सांगायला नको. तेव्हापासून आई उशाशी टॉर्च आणि चप्पल ठेवल्याशिवाय झोपत नाही. आम्ही पुण्यात फ्लॅट घेऊन वीस वर्षं झाली, पण पलंगावर साधी फ्रेम लावू देत नाही. आणि या सवयीवरून मी तिची यथेच्छ थट्टा केलेली आहे.

तिचे गुडघे दुखतात, माझी पाठ (साभार : ऑफिसची खुर्ची). दोघींवर एकच उपाय, गरम पाण्याचे झरे! म्हणून जानेवारीत रजा टाकली आणि मुंबईहून टोकियो, तिथून ओइताचं विमान, मग बस असं करत क्यूशू बेटावरच्या बेप्पूला पोचलो.

बेप्पू म्हणजे कमाल प्रकरण आहे. गावात दोन हजारांहून जास्त झरे. थंडीत तर गल्लीबोळांतून, गटाराच्या जाळ्यांतून, घरांच्या मागून वाफेचे लोट निघत असतात. जणू सगळ्या गावाने एकदमच चुलीवर हंडे चढवलेत. सगळ्यात उकळत्या कुंडांना इथे ‘जिगोकु’ म्हणतात, म्हणजे नरक. त्यातला ‘उमी जिगोकु’, समुद्र-नरक, निळाशार आणि जवळजवळ उकळत्या तापमानाचा. तिकीट काढताना आई म्हणाली, ‘पैसे देऊन नरक बघायचा होय!’ पण कान्नावा भागात त्याच वाफेवर आपल्या हाताने भाज्या उकडून खाता येतात म्हटल्यावर नरकाबद्दलचं तिचं मत सुधारलं. रताळी, मका, कोबी आणि वरून पिशवीतून नेलेली शेंगदाण्याची चटणी. शाकाहारी माणसाची जपानमध्ये उपासमार होते असं कोण म्हणतं?

खरी परीक्षा ओन्सेनची, म्हणजे तिथल्या स्नानघराची. बायकांचा विभाग वेगळा असतो, पण अंगावर एकही कपडा चालत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ आणि मगच कुंडात उतरायचं. ‘या वयात हे काय गं,’ म्हणून आई दारातच अडली. तेवढ्यात तिच्याच वयाच्या दोन आज्या डोक्यावर रुमालाची घडी ठेवून गप्पा मारत शेजारून गेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाच मिनिटांनी आई गळ्यापर्यंत पाण्यात. म्हणाली, ‘वज्रेश्वरीला गेले होते लग्नानंतर. त्यानंतर आज.’

आमचा मुक्काम एका छोट्या सरायीत होता, सत्तरीच्या मालकीणबाई चालवतात ती. खाली चटईची जमीन, त्यावर गाद्या. चपला दारातच काढायच्या, हा तिथला देवघरासारखा कडक नियम. आणि आमच्या मातोश्रींनी काय करावं? प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चपला उशाशी! गाद्या घालायला आलेल्या मालकीणबाईंना ती पिशवी दिसली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. (वाईट उपमा, मान्य.) त्या मात्र रागावल्या नाहीत. भिंतीवर अडकवलेली टॉर्च दाखवून आईकडे बघून हसल्या. जागेवरून काढली की आपोआप पेटते ती.

त्या रात्री तीनच्या सुमारास खिडकीच्या काचा थरथरल्या. मग जमीन. कुणीतरी गादी धरून हलवावी तशी, दहा-बारा सेकंद. मी डोळे उघडेपर्यंत आई उभी होती. पायात चप्पल, हातात टॉर्च, खोलीचं दार सताड उघडलेलं. चौकट तिरकी झाली तर दार अडकतं, म्हणून आधी दार. बाहेर मालकीणबाई आपल्या खोलीचं दार उघडून उभ्या. त्यांच्याही पायात सपाता, हातात टॉर्च. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला मराठी येते, दुसरीला जपानी. पण बोलण्याची काही गरजच नव्हती.

खालच्या मजल्यावर टीव्हीवर आकडा आला होता, 3. तिथे मॅग्निट्यूडच्या बरोबरीने ‘शिंदो’ सांगतात, म्हणजे तुमच्या गावात जमीन प्रत्यक्षात किती हलली ते. शून्य ते सात, त्यात पाच आणि सहाचे प्रत्येकी दोन भाग. माझा फोन का नाही वाजला? कारण लोकांसाठीचा इशारा पाच किंवा त्याहून मोठ्या धक्क्याचा अंदाज असेल तरच येतो. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण सौम्य, दुसरी हळू पण जोरकस. पहिली टिपली की दुसरी पोचण्याआधीच्या काही सेकंदांत सगळ्यांना सावध करायचं. 2007 पासून ही सोय सामान्य लोकांसाठी आहे.

झोप तर उडालीच होती. चहा आला, आणि फोनमधल्या अनुवादकाच्या मदतीने गप्पा. 2016 च्या एप्रिलमध्ये कुमामोतोला भूकंप झाला. 14 तारखेचा धक्का मोठा वाटला होता, पण त्याहून मोठा आला 16 तारखेच्या मध्यरात्रीनंतर. बेप्पूत तेव्हा शिंदो सहाचा खालचा टप्पा. इथली भांडी फुटली, घर उभं राहिलं, पाहुण्यांची बुकिंग्ज मात्र धडाधड रद्द झाली. ‘मग सोडून नाही गेलात?’ आईने विचारलं. फोनने भाषांतर केलं. मालकीणबाईंनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं : हे पाणी कुठे घेऊन जाऊ?

बरोबरच आहे. बेप्पूपासून पश्चिमेला शिमाबारापर्यंत जमीन ताणली जाऊन खचत गेलेला पट्टा आहे. त्याच्या भेगांतून ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेलं पाणी वर येतं, आणि त्याच पट्ट्यात जमीन सरकते. पाणी हवं, धक्के नकोत, असं पॅकेज मिळत नाही. म्हणून ते घरं तशी बांधतात. 1981 पासून तर नियम फारच कडक आहेत.

आई बराच वेळ कप हातात धरून बसली. मग म्हणाली, ‘आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं गं. वरची माती, ते दगड... घर म्हणजे जाड भिंत, एवढंच ठाऊक.’ मावशीचं नाव तिने घेतलं नाही. मीही नाही.

सकाळी मी कबुली दिली, ‘आई, मी खोटं बोलले होते. इथे भूकंप होतात.’

‘माहीत होतं की. यूट्यूबवर बघितलं होतं निघायच्या आधी,’ ती चप्पल पिशवीत घालत म्हणाली. ‘तू एवढ्या हौसेनं तिकिटं काढली होतीस. अन् म्हटलं, बघू तरी, ही माणसं झोपतात कशी.’

पुण्यात परत आल्यावर माझ्या पलंगावरची जड फ्रेम काढली. खाली चपला ठेवल्यात. टॉर्चचे सेल आईने स्वतः घालून दिले, आणि थट्टा न करता. ते तिचं मोठेपण.