रूळ गेले, पट्टी राहिली : बंद रेल्वेलाइनीच्या जमिनीचं इंग्लंडमधल्या एका किनाऱ्यावर काय झालं?

शकुंतलेच्या गाड्या थांबल्या, तसा दर्यापूर, अंजनगाव, दारव्हा या पट्ट्यात एक प्रश्न पारावर हमखास निघतो. ब्रॉडगेज येईल तेव्हा येईल, पण तोवर या लाइनीच्या जमिनीचं काय? हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या समुद्रकाठच्या गावांपुढे उभा राहिला होता. तिथे पुढे काय घडलं, त्यात फायद्याचं काय आणि डोकेदुखी कोणती, हे समजून घेण्यासारखं आहे.

लाइन कशी बंद पडली?

स्कारबरो ते व्हिटबी ही सुमारे ३४ किलोमीटरची रेल्वे १८८५ मध्ये सुरू झाली. समुद्राच्या कड्यांलगत जाणारी, चढ-उताराची लाइन. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातल्या लाइनी बंद करा, असा त्याचा सरळ हिशेब होता. देशभरातली दोन हजारांहून जास्त स्टेशनं त्या यादीत होती. लोकांनी विरोध केला, पण १९६५ च्या मार्चमध्ये या लाइनीवरची गाडी थांबली. नंतर रूळही उचलले गेले.

मागे राहिली ती लांब, अरुंद जमिनीची पट्टी. अशी पट्टी तुकड्या-तुकड्याने शेजारच्यांना विकली, की संपली. मग कुठे घर उभं राहतं, कुठे कुंपण पडतं, आणि पुन्हा सलग जमीन मिळवायची म्हटली तर प्रत्येक गटासाठी भूसंपादन आलं. इथे मात्र बहुतेक पट्टी स्थानिक कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिका-जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, विकत घेतली. रुळांखाली दगडी खडीऐवजी जळक्या कोळशाची खडी टाकलेली होती, म्हणून या वाटेला ‘सिंडर ट्रॅक’ म्हणतात. आज तिच्यावरून पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार जातात. व्हिटबीजवळ नदीवरचा १३ कमानींचा विटांचा रेल्वेपूलही आता याच वाटेचा भाग आहे.

जिथे पट्टी हातातून गेली, तिथला फरक लगेच दिसतो. रॉबिन हूड्स बे या गावात जुन्या स्टेशनच्या जागी पार्किंग झालं आहे, आणि तेवढ्या भागात वाट रस्त्यावरून वळवावी लागते.

एका बाजूने कडा, दुसऱ्या बाजूने लाइन

इथली लोकांची आवडती फेरी रेव्हन्सकार ते रॉबिन हूड्स बे आणि परत अशी, साधारण १५ किलोमीटरची. जाताना कड्यावरून क्लीव्हलँड वे ही पायवाट धरायची. ती ओढ्यांच्या घळींत उतरते आणि पुन्हा चढते, दम काढते. परत येताना जुनी लाइन. इंजिनाला ओढता यावं म्हणून चढ लांबवलेला, त्यामुळे अंतर थोडं जास्त, पण चाल सोपी.

वाटेत रेव्हन्सकारजवळ तुरटीच्या जुन्या कारखान्याचे अवशेष लागतात. कापडाचा रंग पक्का करायला आणि कातडी कमावायला तुरटी लागायची. कड्यातला दगड फोडून, त्याचे ढीग महिनोन्‌महिने जाळून, त्यात माणसांचं मूत्र वापरून तुरटी काढली जाई. मूत्र जहाजाने लांबून यायचं. तुरटी करायची स्वस्त रासायनिक पद्धत निघाली आणि १८६० च्या दशकात हा धंदा बसला.

त्यानंतर आली प्लॉटिंगची लाट. १८९० च्या दशकात एका कंपनीने रेव्हन्सकारला मोठं पर्यटन शहर बसवायचं ठरवलं. लेआउट पडला, रस्ते झाले, गटारं झाली, प्लॉट विकायला काढले. पण गाव उंच कड्यावर, वारा जोरदार, खाली समुद्राला वाळूचा किनारा नाही. घरं मोजकीच झाली आणि १९१३ मध्ये कंपनी बुडाली. ते रस्ते आजही गवतात दिसतात. रेल्वे होती, जाहिरात होती, तरी शहर झालं नाही.

कडा ढासळतो, म्हणून वाट सरकते

इथला कडा म्हणजे वर चिकणमाती आणि खाली ठिसूळ दगड. पाऊस मुरतो, लाटा पाया खातात आणि वरचा भाग घसरतो. १७८० मध्ये रॉबिन हूड्स बेमधला एक रस्ता आणि २२ घरं दरडीबरोबर गेली. गाव वाचवायला १९७५ मध्ये सुमारे १२ मीटर उंचीची समुद्रभिंत बांधावी लागली. पण सगळ्या किनाऱ्याला भिंत घालणं कोणत्याच सरकारला परवडत नाही.

म्हणून २००९ च्या सागरी कायद्यात वेगळी सोय केली. किनाऱ्यालगतची वाट समुद्राने खाल्ली, तर ती आत सरकवता यावी, अशी. जमीन मालकाचीच राहते, लोकांना फक्त चालायचा हक्क मिळतो. शेतकऱ्यांची कुरकुर असतेच. पण दरवेळी नव्याने वाटाघाटी करण्यापेक्षा हे बरं, असं धोरण आहे.

पैसा येतो, पण कुणाच्या घरात?

वाट फुकट टिकत नाही. पाणी साचून खड्डे पडतात, पूल तपासावे लागतात, झुडपं वाढतात. वाट पक्की करायचा आराखडा आला तेव्हा डांबर नको, असं म्हणत बऱ्याच स्थानिकांनी विरोध केला. सायकलवाल्यांना गुळगुळीत रस्ता हवा, घोडेवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मऊ. २०२३ मध्ये स्कारबरोची कौन्सिल जाऊन नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल आली, आणि हा खर्च आता तिच्या गळ्यात आहे.

त्याहून मोठा प्रश्न घरांचा. पर्यटक वाढले तशी बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरं घेतली, किमती चढल्या आणि हॉटेलात, दुकानात राबणाऱ्या पोरांना स्वतःच्या गावात घर मिळेना. जून २०२२ मध्ये व्हिटबीत मतदान झालं. नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच ठेवा, या बाजूने २,१११ मतं पडली, विरोधात फक्त १५७. ते मत कुणावर बंधनकारक नव्हतं, पण आवाज पोहोचला. एप्रिल २०२५ पासून कौन्सिलने दुसऱ्या घरांवरचा स्थानिक कर दुप्पट केला. त्याने किमती खाली येतील का, हे दिसायला वेळ लागेल.

शकुंतलेला समुद्र नाही आणि कडाही नाही, आणि इथल्या लोकांना चालवाट नव्हे तर गाडी हवी आहे. ती मागणी रास्तच आहे. पण उद्या गाडी आणायची असली तरी पट्टी सलग हवी. त्यामुळे ग्रामसभेत आधी हे विचारायला हवं की आपल्या शिवारातल्या लाइनीची जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे, आणि तिच्यावर आज कोण बसलं आहे.